घोड्यांचें घराणें

गेल्या वर्षीं भाद्रपद-आश्विनांत जर्मनी देशांतील हानोवर शहरीं माझ्या धाकट्या चिरंजीवांकडे राहण्याचा योग आला. परदेशगमनाचीं वर्णनें वाचून वाचकांचे डोळे थकले असतील. तेव्हां तेथील उंच इमारती, स्वच्छ रस्ते आणि हल्लीं वेळेवर न येणाऱ्या आगगाड्या यांविषयीं मी कांहीं लिहीत नाहीं. मीं तेथें जें विशेष पाहिलें तें एका घरगुती पेंचाच्या निमित्तानें पाहिलें; आणि तसला पेंच आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज ना उद्यां निराळ्या रूपानें येणारच आहे, म्हणून हा लेख.

चिरंजीवांची कन्या गार्गी सतरा वर्षांची. जन्म पुण्याचा, वाढ तिकडची. अभ्यासांत चांगली, स्वभावानें अबोल. पुढील उन्हाळ्यांत शाळा संपल्यावर आपण विद्यापीठांत न जातां घोड्यांच्या पागेंत तीन वर्षें उमेदवारी करणार, असें तिनें एके दिवशीं जेवतांना सांगून टाकलें. सूनबाई दोन दिवस कोणाशीं बोलली नाहीं. पुण्याहून माझ्या वडील बंधूंचा दूरध्वनी आला, “अरे, आपल्या घरांत पुराणिक झाले, कारकून झाले, मास्तर झाले, मोतद्दार अद्याप कोणी झाला नव्हता!” चिरंजीव म्हणाले, “आबा, तुम्ही म्हणाल तें.” म्हणजे निर्णयाचें ओझें माझ्या डोक्यावर.

मी मॅट्रिक झालेला, पाठशाळेंत थोडें संस्कृत शिकलेला आणि सारा जन्म खडू-फळ्यांत घालविलेला माणूस. घोड्याशीं माझी ओळख म्हणजे रघुवंशांतील अश्वमेधाचा घोडा आणि लहानपणीं पाहिलेला टांग्याचा घोडा. परंतु एक रीत मला ठाऊक होती. मीं गार्गीला म्हटलें, “मुलगी द्यावयाची तर आपण स्थळ पाहतों. घराणें कसें, चालचलणूक कशी, वरून दिसतें त्याच्या आंत कर्ज किती, हें विचारतों. तूं ज्या धंद्यांत जाऊं म्हणतेस त्याचें घराणें आधीं मला दाखव.” ती हंसली आणि म्हणाली, “चला आजोबा.”

हानोवरहून त्सेले हें गांव सुमारें चाळीस किलोमीटर. आलर नदीच्या कांठीं वसलेलें हें जुनें राजधानीचें ठिकाण. लांकडी चौकटींत विटा भरून बांधलेलीं शेंकडों घरें तेथें अद्याप उभीं आहेत, आणि त्यांच्या तुळयांवर कोरलेलीं अक्षरें पाहून मला वाईच्या जुन्या वाड्यांची आठवण झाली. या गांवीं सरकारी पागा आहे. तिची स्थापना १७३५ सालची. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हाच हानोवरचाही अधिपति होता. आपल्या या मूळच्या मुलुखांतील प्रजेसाठीं त्यानें ही पागा घातली. त्याच वर्षीं इकडे बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस निघाल्या होत्या, एवढें सांगितलें म्हणजे वाचकांस काळाची कल्पना येईल. राजे गेले, राज्यें बुडालीं, दोन महायुद्धें होऊन गेलीं. पागा आपली तेथेंच आहे आणि मूळच्याच कामासाठीं चालू आहे. आज ती लोअर सॅक्सनी प्रांताच्या सरकारची आहे.

हें मूळचें काम काय तें समजून घेणें अवश्य आहे, कारण साऱ्या धंद्याचा पाया तेथें आहे. उत्तम नर घोडा पाळणें गरीब शेतकऱ्यास परवडत नाहीं. म्हणून नर सरकारनें पाळावे आणि शेतकऱ्यानें थोडकी फी भरून आपली घोडी त्यांच्याकडून फळवून घ्यावी, अशी योजना होती. वसंतारंभीं हे घोडे गांवोगांवच्या ठाण्यांवर पाठवीत आणि हंगाम संपला कीं परत पागेंत आणीत. आपल्या जुन्या दफ्तरी भाषेंत सांगावयाचें तर घोडी शिलेदाराची आणि घोडा सरकारी पागेचा. यामुळें झालें असें कीं, ज्याची जमीन दहा-वीस एकर त्याच्याही गोठ्यांत राजाच्या तोलामोलाचें शिंगरूं जन्मास येऊं लागलें. तें नांगराला चाले, गाडीला चाले, आणि चांगलें निपजलें तर लष्कर विकत घेई. घोड्यांची जोपासना हा तेथें श्रीमंतांचा षोक म्हणून वाढला नाहीं. शेतकऱ्याचा जोडधंदा म्हणून वाढला.

आम्ही पूर्वीं विचारून ठेवलें होतें, त्यामुळें एका वयस्क अधिकाऱ्यानें आम्हांस पागा फिरून दाखविली. त्यास आपल्याकडील चाबूकस्वार म्हणावें. घोड्यांस शिकविणें हें त्याचें काम. गार्गी दुभाष्याचें काम करीत होती. लांबलचक पागेंत दोहों बाजूंस एकेका घोड्याचें स्वतंत्र ठाण, खालीं पेंढा, दारावर पाटी. पाटीवर घोड्याचें नांव, बापाचें नांव, आणि आईचें नांव देऊन पुढें तिच्या बापाचें नांव. आपल्या श्राद्धांतील पितृत्रयी व मातामहत्रयी यांचें मला स्मरण झालें. नांवांचीही एक रीत आहे: हानोवरी शिंगराचें नांव बापाच्या आद्याक्षरानें सुरू करावयाचें. ट्राकेनेर नांवाची दुसरी एक प्रसिद्ध जात आहे, तिच्यांत तें आईच्या आद्याक्षरानें सुरू होतें. नक्षत्राच्या चरणावरून नांव ठेवणाऱ्या आपल्या लोकांस यांत नवल वाटावयास नको.

पुढें एका खोलींत काचेचीं उपकरणें व शीतपेट्या होत्या. तेथें काय चालतें असें मीं विचारतांच गार्गी क्षणभर घुटमळली व मग शाळेंतील धडा सांगावा तशा सुरांत म्हणाली, “आजोबा, आतां घोडे गांवोगांव पाठवावे लागत नाहींत. त्यांचें रेत शीतपेटींतून जलद टपालानें जातें आणि पशुवैद्य घोडी फळवितो.” नातीकडून आजोबानें हें ऐकावें, हा कालाचा महिमा! परंतु ज्या सरळपणानें ती बोलली त्यापुढें माझा संकोच मलाच बालिश वाटला.

इतक्यांत पाऊस भुरभुरूं लागला, आणि जें घडलें त्यासाठीं मी या प्रवासाचा ऋणी आहें.

आम्ही अंगणांत आलों होतों. एक पोऱ्या कुमाइत रंगाचा तरणा घोडा दोरीनें धरून नेत होता. मीं नेहमींच्या संवयीनें माझी काळी छत्री फट्‌दिशीं उघडली. घोडा बिथरला, मागच्या पायांवर उभा राहिला, पोऱ्याच्या हातांतील दोरी सुटतां सुटतां राहिली. मी घाबरून छत्री मिटूं लागलों, तों त्या वृद्ध चाबूकस्वारानें हात वर करून मला थांबविलें. “छत्री मिटूं नका, जागेवर उभे राहा,” असें त्यानें गार्गीकरवीं सांगितलें. दोरी स्वतःच्या हातांत घेतली, ती सैल सोडली, आणि घोड्याशीं हलक्या आवाजांत कांहीं बोलत तो त्यास माझ्याभोंवतीं दुरून फिरवूं लागला. पहिला फेरा मोठा, दुसरा जरा लहान, तिसरा त्याहून लहान. घोडा फुरफुरत होता, कान मागें टाकीत होता. तो थांबला कीं तो मनुष्यही थांबे. घोड्यानें मान खालीं घातली कीं मग पुढें चाले. माझा हात अवघडला, चष्म्यावर पाणी आलें. वीस मिनिटें तरी हा प्रकार चालला असेल. शेवटीं घोडा माझ्यासमोर आला, मान लांब करून त्यानें छत्रीचा वास घेतला, आणि तो स्वस्थ उभा राहिला. मग छत्री मिटण्याची आज्ञा झाली, आणि पुन्हां उघडण्याचीही. या वेळीं त्यानें केवळ एक कान हलविला.

मीं विचारलें, एवढा वेळ कशाला घालविला? उत्तर आलें तें असें: “मी त्याला मघां मारलें असतें, तर छत्री उघडली कीं मार बसतो एवढेंच तो शिकला असता.”

चाबूकस्वार या आपल्या शब्दांत चाबूक आधीं येतो; या मनुष्याच्या हातांत तो नव्हताच. मला माझ्या वर्गांतील एक मुलगा आठवला. त्याला रूपें पाठ होत नसत आणि मी त्यास छडी मारीत असें. हेतु चांगला होता, निदान मी तसें समजत होतों. पुढें तो मोठा झाला, चांगला व्यापारी झाला. परंतु रस्त्यांत मी दिसलों कीं तो पलीकडच्या बाजूस जाई. संस्कृत त्याला आलें नाहीं. मी मात्र त्याला आलों, तो असा. त्सेलेच्या अंगणांत भिजत उभा असतां प्रथमच माझ्या मनांत आलें कीं, हा धंदा मोतद्दाराचा असेल, पण मूळांत तो माझाच धंदा आहे, आणि हा मनुष्य तो माझ्याहून चांगला जाणतो.

असो. एका पागेवरून घराण्याची परीक्षा होत नाहीं. पुढील आठवड्यांत गार्गीनें मला फेर्डेन या गांवीं नेलें. हें त्याच आलर नदीच्या कांठीं, पण बरेंच खालच्या अंगास आहे. हानोवरी घोड्यांच्या पैदासकारांचा संघ १९२२ सालीं स्थापन झाला, त्याचें मुख्य ठाणें येथें आहे. वंशावळीची नोंदवही त्याहून जुनी, १८८८ पासूनची. जन्मास आलेल्या शिंगराची नोंद, मादीची परीक्षा, नराची परीक्षा, संततीनें स्पर्धांत काय केलें त्याचे आंकडे, सर्व कांहीं लिहिलेलें. नर अडीच वर्षांचा होण्याच्या सुमारास त्यास परीक्षकांपुढें आणतात. बांधा, चाल आणि उडी पाहून फारच थोड्यांस वंश चालविण्याची परवानगी मिळते, आणि पुढें स्वारीची कसोटी निराळी द्यावी लागते. पूर्वीं मांडीवर तापल्या लोखंडाचा डाग देत. प्राण्यास क्लेश होतात म्हणून ती चाल आतां सोडली आहे व कातड्याखालीं तांदळाएवढी खूणचिठी बसवितात.

हें पाहतांना कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील अश्वाध्यक्षाचें प्रकरण आठवल्यावांचून राहिलें नाहीं. घोड्याचें कूळ काय, वय किती, रंग कोणता, अंगावर खुणा कोणत्या आणि तो कोठून आला, हें सर्व लिहून ठेवावें असें तो दोन हजार वर्षांपूर्वीं सांगून गेला. विधि आपल्या ग्रंथांत राहिला. वही त्यांच्या कपाटांत आहे.

फेर्डेन येथें घोड्यांचें एक संग्रहालय आहे, आणि त्याच्या दाराशीं टेम्पलह्यूटर नांवाच्या घोड्याचा धातूचा पुतळा उभा आहे. हा घोडा हानोवरचा नव्हे. तो पूर्व प्रशियांतील ट्राकेनेनचा; मूळ पुतळा युद्धानंतर मॉस्कोस गेला, येथें आहे ती प्रतिकृति. ट्राकेनेनची राजपागा १७३२ सालीं स्थापन झाली, म्हणजे शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली त्याच वर्षीं. दोनशें वर्षें तिनें नांव मिळविलें. १९४५ च्या जानेवारींत रशियन सैन्य जवळ आलें तेव्हां तेथील लोकांनीं गाभण घोड्या गाड्यांना जुंपल्या, मुलें-म्हातारीं गाड्यांत घातलीं, आणि गोठलेल्या खाडीवरून, वरून विमानांचा मारा होत असतां, पश्चिमेची वाट धरली. कित्येक गाड्या बर्फ फुटून बुडाल्या. हजारों घोड्यांच्या त्या वंशांतून थोड्याच घोड्या पलीकडे पोहोचल्या. त्यांवरून १९४७ मध्यें नवा संघ स्थापून जात पुन्हां उभी केली गेली. ट्राकेनेन आज रशियांत आहे. तेथील घोडे मात्र जर्मनींत नांदतात. १९४७ सालीं आपल्याकडेही माणसें अशींच गाड्या जुंपून निघालीं होतीं. त्यामुळें त्या पुतळ्यापुढें मी कांहीं वेळ उगाच उभा राहिलों.

युद्धानें जें केलें नाहीं तें पुढें शांततेनें केलें. शेतांत ट्रॅक्टर आला, लष्करांत मोटारी आल्या, आणि घोड्याचें काम संपलें. १९५० च्या सुमारास पश्चिम जर्मनींत पंधरा लाखांवर घोडे होते. वीस वर्षांत ते अडीच लाखांच्या आसपास उरले. कोणासही वाटलें असतें कीं घराणें बुडालें. परंतु वही जिवंत होती. संघानें आणि सरकारी पागेनें विचार केला कीं, नांगराला घोडा नको असेल, पण माणसाला बसावयास तो हवा असेल. जड हाडाच्या घोड्यांत इंग्रजी व ट्राकेनेर रक्त मिसळून त्यांनीं हलका, लवचिक, उडी घेणारा, शांत डोक्याचा घोडा पिढीमागून पिढी तयार केला. १९४९ पासून फेर्डेन येथें लिलाव सुरू झाले, आणि जगांतून गिऱ्हाईक येऊं लागलें. आज त्या देशांत पुन्हां बारा-तेरा लाख घोडे व तट्टें आहेत, आणि तीन-चार घोड्यांमागें एका मनुष्याचें पोट चालतें असा तेथील हिशेब आहे; चंदी पिकविणारा, नालबंद, खोगीर शिवणारा, पशुवैद्य, शिक्षक सर्व त्यांत आले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें अश्वस्पर्धांत जर्मनीनें चार सुवर्णपदकें मिळविलीं. वैयक्तिक तीन पदकांचे घोडे पाहा: चिपमंक हानोवरी, चेकर वेस्टफालियाचा, आणि डालेरा ही घोडी ट्राकेनेर, त्या बर्फावरून वांचलेल्या वंशांतली.

येथवर ऐकून मी गार्गीला म्हटलें, “घराणें मोठें आहे खरें. आतां कर्ज सांग.”

मुलीनें कांहीं लपविलें नाहीं, हें तिच्या बाजूनें मला पहिलें चिन्ह वाटलें. परतीच्या गाडींत तिनें जें सांगितलें, आणि मीं नंतर इतरांस विचारून ताडून पाहिलें, त्याचा सारांश असा. २००८ च्या जागतिक मंदीनंतर घोड्या फळविण्याचें प्रमाण फार उतरलें, पुढें कांहींसें सांवरलें, आणि २०२२ नंतर चारा, वीज व औषधें महागल्यानें पुन्हां ढांसळलें. एक-दोन घोड्या ठेवणारा शेतकरी, ज्याच्यासाठीं ही सारी योजना निर्माण झाली, तोच हळूहळू बाहेर पडत आहे. शिंगरूं वाढवून, शिकवून विकण्यास चार वर्षें लागतात आणि तोंवरचा खर्च किंमतींत निघेलच असें नाहीं. लिलावांतील लाखांचे आंकडे वर्तमानपत्रांत येतात; ते मूठभर घोड्यांचे.

दुसरें म्हणजे शीतपेटीनें सोय केली तसा घोरही लावला. पूर्वीं एक घोडा एका तालुक्यापुरता असे. आतां एकाच नामवंत घोड्याचीं शेंकडों शिंगरें एका हंगामांत जन्मूं शकतात, आणि जो तो त्याच्याचकडे धांवतो. रक्त जवळजवळ येत चाललें आहे. सगोत्र विवाह वर्ज्य मानणाऱ्या आपल्या पूर्वजांस यांतील धोका सांगावा लागला नसता. या घोड्यांत एक आनुवंशिक व्याधि आहे; नर-मादी दोघांतही तिचें बीज लपलेलें असेल तर होणाऱ्या शिंगराची कातडी इतकी नाजूक असते कीं तें जगत नाहीं. २०१३ पासून हें बीज तपासणीनें ओळखतां येतें. आतां नरांची तपासणी करून निकाल उघड छापतात, ही त्यांतील चांगली गोष्ट. दोष वहींत लिहिण्याचें धैर्य ज्यास आहे त्याची वही खरी.

तिसरी गोष्ट पैशाची व नांवाची हांव. २०१० सालीं टोटिलास नांवाचा एक काळा घोडा हॉलंडमधून जर्मनींत आणला गेला. किंमत एक कोटी युरोच्या घरांत होती असें सर्वत्र बोललें गेलें. पूर्वीच्या डच स्वाराखालीं त्यानें विक्रम केले होते. नव्या देशांत त्याच्यामागें दुखापती लागल्या, २०१५ नंतर तो स्पर्धेंत उतरला नाहीं, आणि २०२० मध्यें मरण पावला. घोडा विकत मिळाला, पण घोडा व स्वार यांच्यांतील जुळणी विकत मिळाली नाहीं. आणि २०२१ मध्यें टोकियो येथें पंचक्रीडेच्या सामन्यांत तर सर्व जगानें पाहिलें कीं चिठ्ठीनें वांट्यास आलेला अनोळखी घोडा हटून बसला, जर्मन स्वार मुलगी रडूं लागली, आणि तिच्या प्रशिक्षिकेनें त्या घोड्यास ठोसा मारला. तो खेळ वेगळा, त्याची व्यवस्था वेगळी. तथापि डाग साऱ्यांस लागला. पॅरिसनंतर त्या पंचक्रीडेंतून घोडाच काढून टाकला आहे. घोड्यावर माणसानें बसावेंच कां, असें विचारणारे लोक तेथें आज वाढत आहेत, आणि ते सगळे मूर्ख नाहींत.

मला छत्रीचा प्रसंग आठवला. एका बाजूस वीस मिनिटें पावसांत फिरणारा म्हातारा, दुसऱ्या बाजूस तो ठोसा. या धंद्याची स्थिति काय, याचें उत्तर लिलावाच्या आंकड्यांत नसून या दोहोंपैकीं कोणाची संख्या वाढते त्यांत आहे, असें माझें मत झालें. आणि येथेंच खरी अडचण आहे. त्या म्हाताऱ्याची जागा घेणारे मिळत नाहींत. उमेदवारी तीन वर्षांची. संगोपन, पैदास, शास्त्रशुद्ध स्वारी, शर्यत इत्यादि पांच शाखा. सोबत शाळेंतील शिक्षण व शेवटीं सरकारी परीक्षा. सर्व कांहीं रीतसर आहे. परंतु पहांटे उठणें, लीद काढणें, सणासुदीसही सुटी नसणें, आणि त्या मानानें वेतन तुटपुंजें. पुष्कळ मुलें शिकतात आणि कांहीं वर्षांत दुसरें काम धरतात.

आतां आपल्याकडचें थोडें. २०२३ सालीं चीनमध्यें हांगचौ येथें झालेल्या आशियाई स्पर्धांत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृति सिंह व सुदीप्ति हजेला या चौघांनीं भारतास अश्वसंचलनांत सांघिक सुवर्णपदक मिळवून दिलें. अश्वक्रीडेंतलें हें सुवर्ण १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनीं आलें. हृदय छेडा मुंबईचे. अनुष कलकत्त्याचे, आणि कित्येक वर्षें जर्मनींत राहून शिकलेले. आनंदाची गोष्ट, पण घोडे युरोपांतले. भारतांतून युरोपांत घोडा नेण्यास रोगराईच्या भीतीमुळें आडकाठी आहे. २०२५ मध्यें मेरठच्या लष्करी पशुवैद्यक केंद्रांतील रोगमुक्त विभागास जागतिक मान्यता मिळाली, ही त्या वाटेवरील पहिली पायरी होय. आणि ज्या भीमथडीच्या घोड्यांवर बसून मराठे १७५८ मध्यें अटकेपर्यंत गेले त्यांचें काय? त्यांची वही कोणी ठेविली नाहीं. लढाया संपल्या आणि घोडा आपल्या बखरींतून नाहींसा झाला. तो जिवंत राहिला तो धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर, मेंढरांमागें संसार वाहून नेत. अगदीं अलीकडे सरकारी शास्त्रज्ञांनीं त्यास स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. ज्यांना आम्ही अडाणी म्हणत आलों त्यांनीं तो सांभाळला, ही गोष्ट माझ्या वडील बंधूंच्या ‘मोतद्दार’ या शब्दास माझें उत्तर होती.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं मीं गार्गीला जवळ बसवून तीन प्रश्न विचारले. पहिला, पंचेचाळिसाव्या वर्षीं पाठ दुखूं लागल्यावर काय करशील? ती म्हणाली, “शिकवीन. नाहीं तर वहीचें काम करीन.” दुसरा, पैसा कमी मिळेल, मैत्रिणी मोटारींतून फिरतील, मत्सर वाटेल. ती म्हणाली, “वाटेल.” या एका शब्दाचें मला समाधान वाटलें, न वाटेल म्हणाली असती तर विश्वास बसला नसता.

तिसरा प्रश्न मला विचारावयाचा नव्हता, तरी विचारला. “ज्या घोड्याला पदक मिळत नाहीं, जो लंगडा होतो, म्हातारा होतो, त्याचें काय करतात?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजोबा, प्रत्येक घोड्याचें एक ओळखपत्र असतें. त्यांत एक पान आहे. हा घोडा खाटकास देतां येईल कीं नाहीं, तें मालकानें त्या पानावर लिहून द्यावयाचें असतें. पुष्कळ लोक ‘नाहीं’ असें लिहितात. सगळे लिहीत नाहींत. माझा घोडा असेल तर मी ‘नाहीं’ लिहीन. पण मी ज्यांना खरारा करीन ते घोडे माझे नसतील.”

“मग?”

“मग कांहीं नाहीं. तोंवर तरी त्यांना कोणीं मारूं नये, एवढें माझ्या हातांत राहील.”

यावर वाद करण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें. आमच्या शाळेंतही मुलें आमचीं नव्हतीं. तीं कोठून येत आणि पुढें कोठें जात, यावर आमची सत्ता नव्हती. मध्यंतरींच्या चार तासांत त्यांस मार बसावा कीं बसूं नये, तेवढेंच आमच्या हातीं होतें, आणि तें मीं नेहमींच नीट सांभाळलें असें म्हणवत नाहीं.

मीं चिरंजीव व सूनबाईंस सांगितलें कीं माझी ना नाहीं. मात्र शाळेची शेवटची परीक्षा नीट द्यावी, आणि त्यापूर्वीं थंडीच्या सुटींत एखाद्या पागेंत राहून काम करून पाहावें. सूनबाई कांहीं बोलली नाहीं; पण दुसऱ्या दिवशीं बाजारांतून येतांना तिनें मुलीसाठीं जाड हातमोजे आणले.

मी पुण्यास परत आलों. नाताळच्या सुटींत गार्गीनें एका खेड्यांतील पागेंत तीन आठवडे काढले. तेथून तिचें चार ओळींचें पत्र आलें. स्वारीचा किंवा स्पर्धेचा त्यांत उल्लेख नव्हता. एका घोडीच्या खुराला जखम झाली होती, पहांटे व रात्रीं ती धुवावी लागे, घोडी आरंभीं पाय देत नसे, आतां देऊं लागली आहे, इतकेंच लिहिलें होतें. तें पत्र मीं वडील बंधूंच्या हातीं दिलें. त्यांनीं तें दोनदां वाचलें, चष्मा काढला, पुसला, आणि विचारलें, “जखम भरली का रे त्या घोडीची?”